तीनची काढून पाचची मोटर लावली तरी विहिरीचं पाणी का उचलेना: बोरामणीकडच्या एका विहिरीचं प्रकरण

विहिरीत पाणी आहे, लाईट आहे, मोटर फिरतेय, प्रायमिंग केलंय (पंपात आणि पाईपात आधी पाणी भरून हवा काढलीय), आणि तरी डिलिव्हरीतून (बाहेर जाणाऱ्या पाईपातून) पाणी थोडा वेळ येतं, मग तुटक येतं, मग बंद. सोलापूर जिल्ह्यात मार्च-एप्रिलमध्ये ही तक्रार इतक्या ठिकाणी ऐकू येते की लोक त्याला उन्हाळ्याचा नेम समजून सोडून देतात. यावर्षी आमच्या आण्णांच्या (मावशीचे यजमान) विहिरीवर हेच झालं, आणि मी सोलापुरात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो म्हणून त्यांनी मला बोलावलं. तिथे जे मोजलं ते सगळं इथे सविस्तर लिहितोय, कारण आपल्या भागात या एका गोष्टीच्या गैरसमजापायी लोक दरवर्षी मोटरी बदलतात, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शेत हैदराबाद रोडला, बोरामणीच्या अलीकडे. अडीच एकर डाळिंब, बाकी तूर आणि ज्वारी. विहीर जुनी, गोल, काळ्या कातळात फोडलेली, तळ साधारण चाळीस फुटांवर. काठावर सिमेंटच्या कट्ट्यावर तीन हॉर्सपॉवरची मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच सांगाड्यात), तिला अडीच इंची सक्शन पाईप (विहिरीतून पंपापर्यंत येणारा), त्याच्या खालच्या टोकाला फूटव्हॉल (पाणी परत खाली जाऊ न देणारी जाळीची झडप). मोटर पाणी वरच्या अंगाला बांधलेल्या हौदात टाकते. दिवाळीत पाणी बारा फुटांवर होतं तेव्हा हीच मोटर ताशी वीस हजार लिटरच्या आसपास देत होती, कुणाची काही तक्रार नव्हती.

मार्चपासून लक्षणं सुरू झाली. सकाळी मोटर चालू केली की पाणी येतं, पण नेहमीपेक्षा कमी. तासाभराने मोटरीचा आवाज बदलतो, आत कुणीतरी खडी टाकल्यासारखा कडकड आवाज, आणि मग पाणी सुटतं. दुपारी तर परत भरून चालू केली तरी दोन मिनिटात सोडते. आण्णा म्हणाले, "मोटर बळ लावती ओ, पण तिचा दम पुरंना झालाय." मिस्त्री आला, त्याने ग्लँडची (पंपाच्या दांड्याजवळून गळती थांबवणारी) दोरी बदलली, सगळे जोड सफेदा लावून परत आवळले, फूटव्हॉल वर काढून साफ केला (त्यात बाभळीचा पाला आणि एक गुटख्याची पुडी निघाली), तरी फरक नाही. मग त्याने दुकानातून पाचची मोटर ट्रायलला आणली. जुनी काढली, त्याच पाईपाला पाचची जोडली. आणि गंमत अशी की पाचच्या मोटरीने सकाळीसुद्धा पाणी सोडलं, जिथे तीनची निदान तासभर तरी चालत होती. मिस्त्री पण बुचकळ्यात पडला, म्हणाला विहिरीचंच काहीतरी आहे.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा पुरावा हाच आहे, की ताकद वाढवली आणि काम जास्त बिघडलं. दोष ताकद कमी पडण्याचा असता तर पाचच्या मोटरीने थोडं तरी सुधारायला पाहिजे होतं ना.

आता मूळ मुद्दा. पंप पाणी ओढत नाही. पाण्याला धरून ओढता येतच नाही. पंपाचा पंखा फिरतो, मध्यभागी असलेलं पाणी बाहेर फेकतो, त्यामुळे पंख्याच्या मध्यात दाब कमी होतो, एवढंच पंपाचं काम. विहिरीतल्या पाण्याच्या पृष्ठभागावर मात्र वरची सगळी हवा आपल्या वजनाने दाबत असते, आणि तो दाब पाण्याला पाईपातून वर ढकलतो, कारण पाईपाच्या वरच्या टोकाला दाब कमी आणि खाली जास्त. म्हणजे काठावरच्या पंपापर्यंत पाणी आणण्याचं काम हवा करते, पंप फक्त तिच्यासाठी जागा रिकामी करतो. पंपाने आत कितीही चांगली पोकळी केली तरी दाब शून्याच्या खाली नेता येत नाही, त्यामुळे हवेकडे जेवढा दाब आहे तेवढीच उंची मिळणार. मोटर तीनची असो की पन्नासची.

तो दाब किती? समुद्रसपाटीला साधारण १०१ किलोपास्कल, आणि एक मीटर पाण्याच्या स्तंभाचा दाब साधारण ९.८ किलोपास्कल, भागाकार केला की १०.३ मीटर, म्हणजे ३४ फूट. पण सोलापूर समुद्रसपाटीला नाही, साडेचारशे ते पावणेपाचशे मीटर उंचीवर आहे, आपल्या डोक्यावर हवा तेवढी कमी. इथला दाब ९५-९६ किलोपास्कल, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण ९७० ग्रॅमचा भार, आणि पाण्यात मोजला तर ९.८ मीटर, बत्तीस फूट. महाबळेश्वरला हाच आकडा २९ फुटांच्या आसपास येईल.

या मर्यादेच्या जुन्या गोष्टीतही पंप आणि मिस्त्रीच आहे, हे मला फार आवडतं. गॅलिलिओच्या १६३८ च्या पुस्तकात एका पंपाची गोष्ट आहे, पाणी वर असेपर्यंत तो चालायचा आणि पाणी ठराविक पातळीखाली गेलं की बंद. दुरुस्तीला बोलावलेल्या कारागिराने सांगितलं की पंपात दोष नाही, पाणी फार खाली गेलंय, अठरा हातांपेक्षा जास्त हा पंप उचलणारच नाही. गॅलिलिओने त्याचं कारण असं लावलं की फार लांब झालेली दोरी जशी स्वतःच्या वजनाने तुटते तसा पाण्याचा स्तंभ तुटतो. कारण चुकलं पण निरीक्षण खरं होतं. त्याचाच शिष्य टोरिचेल्ली, त्याने १६४४ मध्ये लिहून मांडलं की हे काम हवेच्या वजनाचं आहे, आणि पाण्याऐवजी पारा घेतला, जो साडेतेरा पटींहून जड, म्हणून दहा मीटरच्या जागी ७६ सेंटिमीटरवरच थांबतो. पुढे १६४८ च्या सप्टेंबरमध्ये पास्कलच्या मेहुण्याने फ्रान्समधल्या प्यूय द डोम डोंगरावर ती नळी चढवली आणि वर पारा खाली उतरलेला दिसला. सोलापुरात पारा ७६ ला नाही, साधारण ७१.६ सेंटिमीटरला थांबेल, त्याच डोंगराच्या नियमाने.

आण्णा हे ऐकून लगेच म्हणाले, "मग आपलं पाणी तर पंचवीस फुटावर हाय की, बत्तीसच्या आतच झालं." अगदी बरोबर शंका, आणि बहुतेक लोक इथेच अडकतात. बत्तीस फूट हे सगळं भांडवल आहे, त्यातून पाणी नुसतं वर आणायचं नाही, ते वाहतं पण ठेवायचं आहे, आणि त्यात अजून तीन वाटेकरी आहेत.

पहिला वाटेकरी वाफ. पाणी शंभर अंशाला उकळतं हे फक्त समुद्रसपाटीच्या दाबाला. कुकरमध्ये दाब वाढवला की पाणी शंभरच्या वर जाऊन उकळतं, तसंच दाब कमी केला की ते गारच असताना उकळायला लागतं. तीस अंशाच्या पाण्यावरचा दाब ४.२ किलोपास्कलपर्यंत खाली आला की तिथल्या तिथे वाफेचे बुडबुडे तयार होतात. पाण्याच्या उंचीत हे दीड फूट. म्हणजे ३२ मधले दीड गेले. आपल्याकडे अजून एक भर, सक्शन पाईपाचा वरचा तुकडा उघड्यावर, एप्रिलचं ऊन, त्यात भरून ठेवलेलं पाणी हाताला चटका बसेल इतकं तापतं, आणि पन्नास अंशाला हाच आकडा चार फुटांच्या पुढे जातो. दुपारी चालू करताना मोटर जास्त रुसते त्याला हे एक कारण, मोठं कारण अर्थात सकाळभर उपशाने पातळी खाली गेलेली असते ते.

दुसरा वाटेकरी पाईप. फूटव्हॉलची जाळी, त्याची झडप, पाईपाच्या भिंतीचं घर्षण, वरचा बेंड, या सगळ्यात दाब खर्च होतो, आणि हा खर्च पाण्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पाणी दीडपट वेगाने नेलं तर खर्च सव्वादोनपट. अडीच इंची पाईपातून ताशी वीस हजार लिटरला आम्ही काढलेला हिशोब साधारण चार फूट.

तिसरा वाटेकरी खुद्द पंप, आणि याचं नाव लोकांनी ऐकलेलंच नसतं. पंख्याच्या तोंडाशी पाणी वळतं, वेग घेतं, पात्याच्या कडेला दाब अजून खाली जातो, त्यामुळे पंपाच्या तोंडाशी वाफेच्या दाबापेक्षा थोडा जास्त दाब शिल्लक असावा लागतो. कंपन्यांच्या तक्त्यात हा आकडा एनपीएसएच म्हणून देतात. या साईजच्या पंपाला पूर्ण डिस्चार्जला (पूर्ण पाणी देत असताना) आठेक फूट धरायला हरकत नाही.

३२ मधून दीड, चार आणि आठ गेले. उरले साडेअठरा फूट. पूर्ण पाणी पाहिजे असेल तर या विहिरीवर या पाईपाने तीनच्या मोटरीची मर्यादा इथे संपते.

आता पाचची बघा. ती जास्त पाणी फेकायला बनवलेली, साधारण १.४ पट. पाईप तोच अडीच इंची, म्हणून पाईपाचा खर्च दुप्पट, आठ फूट. पंपाची स्वतःची गरज पण वाढते, अकरा धरू. ३२ वजा दीड वजा आठ वजा अकरा, उरले साडेअकरा. आकडे अंदाजाचे आहेत, फूटभर इकडे तिकडे होईल, पण दिशा पक्की आहे, मोटर जेवढी मोठी तेवढी ती कमी खोलीवरून उचलते. दिवाळीला पाणी बारा फुटांवर असताना पाचची कदाचित चालली असती आणि सगळे खूश झाले असते.

हे सगळं कागदावर. मिस्त्रीला कागद पटला नाही, आणि ते योग्यच, म्हणून मोजमाप केलं. आधी पातळी. इकडे खोली 'परस' या जुन्या मापात सांगतात, पण आम्ही टेपला वजन बांधून सोडलं आणि पंपाच्या मध्यापासून मोजलं. सकाळी मोटर लावायच्या आधी २१ फूट, तासभर चालल्यावर २५. म्हणजे मोटर पहाटेच मर्यादेच्या अडीच फूट पलीकडून सुरुवात करत होती, कमी पाणी देऊन कशीबशी निभावत होती, आणि पातळी अजून चार फूट उतरली की संपलं.

मग जुनी तीनची परत बसवून सक्शनच्या फ्लँजला (पाईप पंपाला जोडतो त्या जोडाला) एक व्हॅक्यूम गेज लावलं, म्हणजे दाब हवेपेक्षा किती कमी आहे ते दाखवणारं, पाऱ्याच्या मिलिमीटरमधलं. स्वस्तात मिळतं आणि माझ्या मते प्रत्येक मिस्त्रीच्या पिशवीत ते असायला पाहिजे, कारण त्याने एका फटक्यात दोन दोष वेगळे होतात. कुठे जोडातून हवा शिरत असेल तर काटा कमीच राहतो आणि डिलिव्हरीचं पाणी दुधासारखं पांढरं, फेसाळ येतं. हवा शिरत नसेल आणि मर्यादाच संपली असेल तर काटा उंच जातो. पाणी २५ फुटांवर असताना आम्ही मोटर भरली, डिलिव्हरीचा वॉल (व्हॉल्व्ह) जवळजवळ बंद ठेवून चालू केली. काटा ५६० च्या थोडा वर जाऊन स्थिर, आवाज साफ. ५६० मिलिमीटर पारा म्हणजे बरोबर २५ फूट पाणी, कारण वेग नगण्य असल्यामुळे पाईपाचा खर्च जवळपास नाही, नुसती उंची दिसतेय. मग वॉल हळूहळू उघडत गेलो. काटा ५८०, ६००, बारीकसं पाणी हौदात पडायला लागलं, आणि ६१० च्या आसपास तो खडीचा आवाज सुरू झाला, काटा थरथरायला लागला. त्यानंतर वॉल कितीही उघडला तरी पाणी वाढेना. परत वॉल थोडा दाबला की आवाज बंद. मिस्त्रीने स्वतःच्या हाताने चार-पाच वेळा वॉल खालीवर करून बघितलं आणि मग म्हणाला, "सर, हे तर वॉलवर नाचतंय."

ते बघून मला जो आनंद झाला तो वर्गात क्वचित होतो. डिलिव्हरी दाबून सक्शनचा दोष जातो, याचा अर्थ एकच, वेग कमी केला की दोन्ही खर्च कमी होतात आणि हवेला पुरतं. गेजच्या डायलवर ७६० पर्यंत आकडे आहेत, पण सोलापुरात पूर्ण निर्वात केला तरी काटा ७१६ च्या पुढे जाणार नाही, त्यातून तीस अंशाच्या पाण्याच्या वाफेचे ३२ गेले की ६८४. पंख्याच्या आत दाब तिथपर्यंत पोचलेला होता, फ्लँजवर तो थोडा आधीचा दिसतो म्हणून ६१०.

पंख्याचं झाकण उघडलं तेव्हा उरलीसुरली शंका गेली. पात्यांच्या आतल्या कडेला, जिथे पाणी शिरतं त्याच्या जरा पुढे, लोखंड किडल्यासारखं टोचलेलं. आण्णा इतके दिवस म्हणत होते की पाणी क्षाराचं म्हणून पंखा खातंय. पण क्षाराने खाल्लं असतं तर सगळीकडे सारखं खाल्लं असतं, हे फक्त एका पट्ट्यात होतं. कमी दाबाच्या जागी तयार झालेले वाफेचे बुडबुडे पुढे जास्त दाबाच्या जागी गेले की क्षणात फुटून मिटतात, प्रत्येक मिटणं धातूवर बारीक हातोडा मारल्यासारखं, तोच तो कडकड आवाज. इंजिनियर लोक कॅव्हिटेशन म्हणतात.

बांधावर जमलेल्या लोकांत एक वाद झाला तो पण लिहितो. शेजारच्या तात्यांचं म्हणणं, फूटव्हॉल पार तळाला सोडलाय म्हणून मोटरीला लांबून ओढावं लागतं, तो वर घ्या. असं नसतं. उंची मोजायची ती पाण्याच्या पातळीपासून, फूटव्हॉलपासून नाही. फूटव्हॉल पाण्यात दहा फूट खाली असेल तर बाहेरचं पाणी त्याला दहा फुटांच्या दाबाने आत ढकलतं, त्यामुळे तेवढा पाईप आपोआप भरलेला असतो, पंपाला त्याचा भार नाही, फक्त लांबीचं थोडं घर्षण वाढतं. उलट फूटव्हॉल पातळीच्या जवळ घेतला तर भोवरा पडून हवा शिरते. तात्यांचा दुसरा मुद्दा, विहीर रुंद करून पाणी वाढवलं तर दाब वाढेल. पाणी वाढेल, पातळी उशिरा उतरेल, तो फायदा आहेच, पण दाब खोलीवर ठरतो, घेरावर नाही, तीस फूट रुंद विहीर असो की सहा इंची बोअर.

उपाय काय करायचा यावर दोन संध्याकाळी चर्चा झाली. सक्शन तीन इंची केला तर पाईपाचा खर्च चारवरून दीड फुटावर येतो, मर्यादा एकवीस फूट होते, सकाळचं भागलं असतं, दुपारचं नाही. मोटर विहिरीत दहा फूट खाली कट्टा करून उतरवली तर उंची अकरा ते पंधरा राहते, सगळं मर्यादेत, आणि आपल्याकडे जुन्या विहिरींना असे कट्टे दिसतातच. पण या विहिरीत पावसाळ्यात पाणी आठ फुटांवर येतं, म्हणजे मोटर बुडणार, नाहीतर दरवर्षी चढउतार, आणि रात्रीची लाईट असते तेव्हा ओल्या पायऱ्यांवरून अंधारात मोटर भरायला आण्णांनी उतरायचं, साठी उलटलेल्या माणसाने, हे मला अजिबात मान्य नव्हतं. जेट पंपाचा पर्याय मिस्त्रीने काढला, तो खोलातून उचलतो खरा, पण उचललेल्या पाण्यातलं बरंच परत खाली पाठवून, लाईटबिलाच्या मानाने पाणी कमी.

शेवटी तीन हॉर्सपॉवरचीच ओपनवेल सबमर्सिबल घेतली, आडवी, तळापासून थोडी वर ठेवलेली. ती पाण्यातच बसते त्यामुळे हवेच्या बत्तीस फुटांत तिच्या डोक्यावरच्या पाण्याचा दाब अजून मिळतो, वजाबाकीच्या जागी बेरीज. इथून वर सगळं ढकलण्याचं काम, आणि ढकलण्याला हवेची मर्यादा नाही, तिथे हॉर्सपॉवर खरंच कामाला येते. अर्थिंग नवीन केलं, विजेच्या गळतीला ट्रिप होणारा ब्रेकर बसवला, आणि पाणी पंपाच्या खाली गेलं तर मोटर आपोआप बंद पडेल असा ड्राय रन प्रोटेक्शनचा स्टार्टर, कारण ही मोटर पाण्यानेच थंड राहते. त्याच दिवशी दुपारी, पातळी २६ फुटांवर असताना, हौदात पूर्ण धार पडत होती. पाचची मोटर दुकानात परत गेली.

जुनी मोनोब्लॉक भंगारात घालायचं चाललं होतं, ते मी थांबवलं. नवीन पंखा टाकून ती हौदाच्या पायथ्याला बसवलीय, ठिबकसाठी. तिथे हौदातलं पाणी पंपाच्या मध्यापेक्षा चार फूट वर उभं असतं, म्हणजे सक्शनला उंची चढायचीच नाही, फूटव्हॉल नको, प्रायमिंग नको, वॉल उघडला की पंप आपोआप भरतो. फिल्टरच्या आधीच्या गेजवर दीड किलो दाब दाखवते आणि आवाज साफ आहे. मे महिन्यात हौद अर्धा राहील तेव्हा परत एकदा गेज लावून बघायचं ठरलंय, आणि यावेळी मिस्त्री स्वतःचं गेज घेऊन येणार आहे.